भार आणि भरवसा



ज्या बाईंच्या स्मरणार्थ आपण दर वर्षी या सभागृहात जमतो, त्यांना या गावात कुणी नावाने ओळखत नसे. नुसतं ‘बाई’ म्हटलं की त्याच. आठवी ते दहावी त्यांनी मला विज्ञान शिकवलं. यंदाचं व्याख्यान तुम्ही द्यावं, असा व्याख्यानमालेच्या कार्यकर्त्यांचा फोन आला तेव्हा माझ्या मनात पहिलं वाक्य उमटलं ते असं: यांचा माझ्याबद्दल काहीतरी गैरसमज झाला आहे. मी तीस वर्षं पुलांची संकल्पचित्रं करते. ज्या पुलांवरून रोज माणसं, एसट्या, उसाचे ट्रक जातात, त्यांच्या कागदांवर माझी सही आहे. तरी हे वाक्य येतं. विसाव्या वर्षी यायचं, पन्नाशीतही येतं. इथे बसलेल्या पुष्कळांच्या ते ओळखीचं असेल असं वाटलं, म्हणून आज त्याच वाक्याबद्दल बोलायचं ठरवलं.

आपल्या इतिहासात एक प्रसिद्ध तोतया होऊन गेला. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर मराठ्यांचे सेनापती सदाशिवरावभाऊ पडले. त्यांच्या मृत्यूवर अनेकांचा विश्वास बसेना. त्यांच्या पत्नी पार्वतीबाईंनी तर आपण विधवा झालो हे कधी मान्यच केलं नाही. माणसांच्या या आशेचा आधार घेऊन सुखनिधान नावाचा एक कनोजी ब्राह्मण ‘मीच भाऊ’ म्हणत उभा राहिला. तो पकडला गेला आणि रत्नागिरीच्या किल्ल्यात कैदेत पडला. पुढे तिथल्या सुभेदारानेच त्याला खरा भाऊसाहेब मानून बाहेर काढलं. बघता बघता कोकणातले किल्ले त्याच्या हाती गेले, माणसं त्याच्या निशाणाखाली गोळा झाली. अखेर पेशव्यांच्या फौजांनी त्याचा मोड केला आणि १७७६ साली पुण्यात त्याला देहदंड झाला. न. चिं. केळकरांनी या प्रकरणावर ‘तोतयाचे बंड’ हे नाटक लिहिलं.

आपण भाऊ नाही, हे या माणसाला पक्कं ठाऊक होतं. तरीही तो किल्ल्यांच्या दारात उभा राहिला आणि दारं उघडली गेली. आता दुसरं एक माणूस डोळ्यांसमोर आणा. एक मुलगी आहे. तिने रात्री जागून अभ्यास केला, परीक्षा दिली, गुण मिळवले, गुणवत्ता यादीत नाव लागलं. तिच्यासाठी महाविद्यालयाचं दार रीतसर उघडलं आहे आणि ती उंबऱ्यावर थांबून विचार करते आहे की आपण तोतया आहोत, आज ना उद्या कुणीतरी ओळखणार. खोटा माणूस निर्धास्त आणि खरा माणूस धास्तावलेला, असं हे कोडं आहे.

या कोड्याला मानसशास्त्रात नाव मिळालं १९७८ साली. अमेरिकेत अटलांटा इथे काम करणाऱ्या पॉलीन क्लान्स आणि सुझान आइम्स या दोघींनी दीडशेहून अधिक कर्तबगार स्त्रियांशी केलेल्या कामाच्या आधारे एक लेख लिहिला. या स्त्रियांमध्ये विद्यार्थिनी होत्या, प्राध्यापिका होत्या, आपापल्या व्यवसायात मान मिळवलेल्या होत्या. पदव्या, गुण, बढत्या सगळं असूनही आपण लोकांना फसवून इथवर आलो, असं त्यांना मनातून वाटत होतं. क्लान्सबाईंनी स्वतः विद्यार्थिदशेत हे भोगलं होतं. पुढे शिकवायला लागल्यावर उत्तम शाळांतून आलेल्या मुलामुलींच्या तोंडून त्यांनी तेच ऐकलं. पुरुषांनाही हे होतं, हे नंतरच्या अभ्यासांतून दिसलं. लोक आज त्याला ‘इम्पोस्टर सिंड्रोम’ म्हणतात; पण लेख लिहिणाऱ्या दोघींनी ‘सिंड्रोम’ हा शब्द वापरला नव्हता आणि मानसिक आजारांच्या अधिकृत वर्गीकरणात हा आजार म्हणून नोंदलेला नाही. हा मनाला येणारा अनुभव आहे. मी आज त्याला साधं ‘तोतयाची भीती’ म्हणते.

ही भीती यश मिळालं की विरघळायला हवी. ती विरघळत नाही, याचं कारण क्लान्सबाईंनी दाखवून दिलं. समोर काम आलं की पोटात गोळा येतो. मग माणूस दोनपैकी एक करतो. एक तर गरजेच्या तिप्पट तयारी करतो, नाही तर काम शेवटच्या रात्रीपर्यंत ढकलतो. काम बहुतेक वेळा चांगलं होतं. तिप्पट तयारी करणारा म्हणतो, ‘घासली म्हणून जमलं, हुशारी कुठे आहे?’ ढकलणारा म्हणतो, ‘या खेपेला निभावलं, नशीब.’ पुढचं काम आलं की पुन्हा गोळा.

माझ्या वडिलांचं किराणा दुकान होतं. रोजची रक्कम ते कीर्दीत लिहीत आणि मग ज्याची त्याच्या खात्यावर खतावणी करत. एकाची जमा दुसऱ्याच्या खात्यावर पडली, तर सगळा हिशेब वर्षभर चुकत राहतो. तोतयाच्या भीतीत नेमकी हीच चूक होते. मिळालेलं यश आपण नशिबाच्या, सोप्या पेपरच्या, सरांच्या चांगुलपणाच्या खात्यावर जमा करतो आणि अपयश तेवढं स्वतःच्या नावे मांडतो. वर्षाअखेरीस स्वतःचं खातं उघडून पाहावं तर त्यात नुसती नावे बाजू. जमेची एक ओळ नाही. ज्याच्या खात्यात कधी काही जमाच झालं नाही, त्याने भरवसा कुठून काढायचा?

आता बाईंची गोष्ट सांगते. ती सांगण्यासाठीच मी आज आले आहे.

आमची शाळा पूर्ण मराठी माध्यमाची. दहावीला विज्ञानात मला शाळेत सर्वांत जास्त गुण होते. अकरावीला तालुक्याच्या महाविद्यालयात सायन्सला प्रवेश घेतला आणि पहिल्या तासाला पायाखालची जमीन सरकली. सर फळ्यावर लिहीत होते, बोलत होते, आणि शेजारची मुलं माना डोलावत होती. अ‍ॅक्सिलरेशन, इनर्शिया, मोमेंटम, रिफ्रॅक्शन. एक शब्द ओळखीचा नाही. दिवाळीपर्यंत माझी खात्री झाली की दहावीचे गुण हा काहीतरी अपघात होता. घटक चाचणीत कशीबशी पास झाले. पेपर कुणाला दाखवला नाही. सुट्टीत घरी आल्यावर आईला म्हणाले, मला आर्ट्‌सला जायचं आहे. आई काही बोलली नाही. संध्याकाळी मला घेऊन बाईंकडे गेली.

बाईंनी समजूत घातली नाही. ‘तू हुशार आहेस गं’ असंही म्हणाल्या नाहीत. त्यांनी माझं भौतिकशास्त्राचं पुस्तक मागितलं, एक कोरी दोनशे पानी वही काढली, मधोमध उभी रेघ ओढली आणि म्हणाल्या, “डावीकडे इंग्रजी शब्द लिही. मी विचारते, तू उजवीकडे लिही. वेग बदलण्याचा दर?”

“त्वरण.”

“लिही अ‍ॅक्सिलरेशनच्या समोर. वस्तू आहे त्या अवस्थेत राहू पाहते?”

“जडत्व.”

“इनर्शियासमोर. वस्तुमान गुणिले वेग?”

“संवेग.”

त्या रात्री आम्ही चार पानं भरली. रिफ्रॅक्शन म्हणजे अपवर्तन, डिस्प्लेसमेंट म्हणजे विस्थापन, कायनेटिक एनर्जी म्हणजे गतिज ऊर्जा. उजवीकडची बाजू मी एकदाही न अडखळता लिहिली. शेवटी बाईंनी वही माझ्यापुढे सरकवली. “बघ, यातलं तुला काय येत नव्हतं?” मी पाहत राहिले. उजव्या बाजूचं प्रत्येक अक्षर माझं होतं. “डावी बाजू तुला कुणी शिकवलीच नाही,” बाई म्हणाल्या. “न शिकवलेलं येत नाही, याला ढ म्हणत नाहीत. रोज दहा शब्द लिही. होळीपर्यंत वही भर.”

वही होळीच्या आधी भरली. पुढे मला कळलं की बाईंनी त्या रात्री दोन वेगळ्या गोष्टी वेगळ्या करून दाखवल्या होत्या. मला एक गोष्ट अजून माहीत नाही, ही एक. मी इथे बसायच्या लायकीची नाही, ही दुसरी. पहिली खरी होती आणि तिच्यावर उपाय होता: रोज दहा शब्द. दुसरी मी स्वतःच तिला जोडून दिली होती. मुलांनो, तुम्हाला ही भीती वाटेल तेव्हा कागदावर मधोमध एक उभी रेघ ओढा. एकीकडे मला काय येतं ते लिहा, दुसरीकडे काय शिकायचं राहिलं ते. ‘मी कोण’ यासाठी तिसरा रकाना काढू नका.

पण हा सगळा आपल्याच मनाचा खेळ आहे, असं म्हणून मी थांबले तर ते अर्धसत्य होईल. पुष्कळदा ही भीती बाहेरून आत पेरलेली असते.

कमला सोहोनी, म्हणजे तेव्हाच्या कमला भागवत, मुंबई विद्यापीठातून रसायनशास्त्रात अव्वल येऊन १९३३ साली बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत संशोधनासाठी अर्ज करतात. संस्थेचे संचालक सर सी. व्ही. रामन, नोबेल मिळवलेले. अर्ज नाकारला जातो, कारण अर्जदार स्त्री आहे. कमलाबाई बंगळूरला जाऊन ठाण मांडतात. अखेर प्रवेश मिळतो, पण अटींवर. पहिलं वर्ष परिवीक्षेचं. काम पाहून मग ठरवू. बरोबरीच्या मुलांना अशी अट नव्हती. त्यांनी ती अट मान्य केली, मनात सल ठेवून वर्षभर काम केलं आणि आपली जागा मिळवली. त्यानंतर संस्थेचं दार इतर मुलींनाही उघडलं. पुढे केंब्रिजला जाऊन त्यांनी वनस्पतींच्या पेशींत सायटोक्रोम सी असल्याचं दाखवलं आणि १९३९ साली पीएच.डी. मिळवली. विज्ञानातली ही पदवी मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय स्त्री. मायदेशी परतल्यावर कुपोषित मुलांसाठी नीरेच्या उपयोगावर त्यांनी केलेल्या कामाला राष्ट्रपतींचा पुरस्कार मिळाला.

प्रयोगशाळेतल्या त्या पहिल्या वर्षात, एखाद्या संध्याकाळी, ‘आपण इथे चालू शकू ना?’ असं त्यांच्या मनात आलं असेल, तर तो संशय त्यांचा स्वतःचा होता का? तो प्रवेशाच्या अटीतच लिहिलेला होता.

माझ्या वसतिगृहात शेजारच्या खाटेवर एक मैत्रीण होती. तिच्या वस्तीतून इंजिनिअरिंगला आलेली पहिलीच मुलगी. पहिल्या आठवड्यात कुणीतरी तिला ऐकू जाईल असं म्हणालं, ‘कोट्यातली आहे.’ ते एक वाक्य चार वर्षं तिच्या उशाशी होतं. गुणपत्रिका आली की ती घडी घालून ट्रंकेच्या तळाशी ठेवायची, चांगली असली तरी. ज्या घरात तिच्याआधी कुणी दहावी ओलांडली नव्हती, तिथून चालत इथवर येण्याचं अंतर कुणी मोजलं नाही. शेवटच्या पावलाला मिळालेला हात तेवढा मोजला. माणसाला कायम परिवीक्षेवर ठेवायचं आणि वर ‘तुझ्यात आत्मविश्वास कमी आहे’ असं सांगायचं, हा अन्याय आहे. वर्गात, कार्यालयात, घरात ज्यांच्या शब्दाला वजन आहे अशा सगळ्यांना मी विनवते: दार उघडलं असेल तर पूर्ण उघडा. फटीतून आत आलेला माणूस जन्मभर दाराकडेच पाहत राहतो.

इथे कुणी म्हणेल, की स्वतःला कमी समजणं हा तर विनय, आणि विनय हा गुण आहे. आपल्या भाषेचं मोठं भाग्य असं की या दोहोंतला फरक दाखवणारा ग्रंथ आपल्याकडे सातशे वर्षांपासून आहे. ज्ञानेश्वरीच्या सुरुवातीला गीतेचा अर्थ सांगायला निघालेले ज्ञानदेव स्वतःची तुलना चोचीने समुद्र मोजू पाहणाऱ्या टिटवीशी करतात. इतकं लहानपण स्वतःकडे घेऊन ते काय करतात? थांबत नाहीत. सुमारे नऊ हजार ओव्या सांगतात आणि शके १२१२ मध्ये नेवाशाला ग्रंथ पूर्ण करतात. विनयी माणसाची नजर समुद्रावर असते, म्हणून त्याच्या हातून काम होतं. भ्यालेल्या माणसाची नजर काठावर आपल्याला कोण पाहतंय यावर असते, म्हणून त्याची चोच पाण्याला लागतच नाही. आपण विनयी आहोत की भ्यालेले, हे ओळखायचं असेल तर आपलं काम पुढे सरकतं आहे का, एवढंच पाहावं.

मग भरवसा बांधायचा कसा? अल्बर्ट बंडुरा या मानसशास्त्रज्ञाने १९७७ साली मांडलं की ‘हे मला जमेल’ हा विश्वास मुख्यतः चार वाटांनी येतो. स्वतः करून जमवलेलं काम, आपल्यासारख्याच कुणाला ते करताना पाहणं, विश्वासातल्या माणसाचा शब्द, आणि छातीतल्या धडधडीचा आपण लावलेला अर्थ. यांत सर्वांत पक्की वाट पहिली. बाईंनी मला कौतुकाचा शब्द देण्याऐवजी चार पानं का भरून घेतली, ते हे वाचल्यावर मला उमगलं.

दुसऱ्या वाटेबद्दल थोडं बोलते. साइटवर पहिल्यांदा गेले तेव्हा तिथे मी एकटीच बाई होते. त्या दिवसांत मला शकुंतला भगत यांच्याबद्दल कळलं. १९५३ साली मुंबईच्या व्हीजेटीआयमधून स्थापत्य अभियांत्रिकीची पदवी घेतलेल्या त्या देशातल्या अगदी सुरुवातीच्या स्त्री स्थापत्य अभियंत्यांपैकी एक. पतीबरोबर क्वाड्रिकॉन ही कंपनी काढून त्यांनी कारखान्यात तयार होणाऱ्या सुट्या भागांतून जोडायचे पोलादी पूल उभे केले, थेट हिमालयाच्या दऱ्यांत. मी त्यांना कधी भेटले नाही. पण माझ्या आधी कुणीतरी या वाटेने गेलं आहे, एवढ्या माहितीने माझं पाऊल सरळ पडू लागलं. म्हणून इथल्या यशस्वी मंडळींना सांगते, अधूनमधून आपल्या जुन्या शाळेत जाऊन बसा. भाषण नको. तुम्ही कुठे अडलात आणि कसे सुटलात, ते मुलांना सांगा.

आता माझ्या कामातली एक गोष्ट सांगून संपवते. काही पूल वाहतुकीला खुले करण्याआधी त्यांची भारचाचणी घेतात. एका गाळ्यावर ठरलेल्या वजनाचे ट्रक उभे करतात, गाळ्याखाली मोजमापाची यंत्रं लावतात आणि पूल किती वाकतो ते नोंदवतात. पहिली भारचाचणी पाहिली तेव्हा मी नवखी होते. ट्रक चढले आणि यंत्राचा काटा सरकला. मी घाबरून वरिष्ठांकडे पाहिलं. ते शांत होते. म्हणाले, “पूल वाकतोच. वाकला नाही तर यंत्र बिघडलं असं समजायचं.”

चाचणीची रीत नीट ऐका, कारण माझं आजचं सगळं म्हणणं तिच्यात आहे. भार ठेवण्याआधी चोवीस तास नुसत्या तापमानाच्या नोंदी घेतात. उन्हाने, गारव्याने पूल आपोआप हलतो. ते हलणं त्याच्या दुबळेपणात धरत नाहीत. कमलाबाईंच्या प्रयोगशाळेतली हवा, माझ्या मैत्रिणीच्या वसतिगृहातली हवा, ही आधी मोजायला हवी होती. मग भार टप्प्याटप्प्याने चढवतात, एकदम नाही. रोज दहा शब्द. वाचन यंत्रावर घेतात, कुणाच्या डोळ्यांच्या अंदाजावर सोडत नाहीत, आणि वहीत लिहितात. पूर्ण भार चोवीस तास ठेवतात. शेवटी तो उतरवून आणखी चोवीस तास थांबतात. पूल किती वाकला ते तर पाहतातच, पण भार उतरल्यावर वाकलेल्यातला किती भाग तो सावरला, यावर मोठी भिस्त असते. साध्या सळईच्या काँक्रीटचा पूल असेल तर चोवीस तासांत ७५ टक्के सावरला पाहिजे. ध्यानात घ्या, शंभर टक्के कुणी मागत नाही.

निर्धास्त दिसणाऱ्या सुखनिधानालाही सर्वांत मोठी भीती कशाची असेल? खऱ्या भाऊला ओळखणारं कुणी समोर येईल आणि चौकशी करील, याची. त्याला चाचणी परवडणारी नव्हती. तुम्हाला परवडते. म्हणून भीती वाटली की लपू नका, चाचणी मागून घ्या. विश्वासातल्या जाणत्या माणसापुढे आपलं काम ठेवा आणि विचारा, काय बरोबर आहे, काय राहिलं. उत्तर वहीत लिहा, ज्याचं त्याच्या खात्यावर.

बाईंची ती दोनशे पानी वही माझ्याकडे अजून आहे. इथे येण्यापूर्वी ती काढून पाहिली. डावीकडे शिकायचं राहिलेलं, उजवीकडे येणारं, मधे त्यांच्या हातची रेघ. यांचा माझ्याबद्दल गैरसमज झाला आहे, हे वाक्य आज सकाळीही आलं होतं. मी वही मिटली, पिशवीत ठेवली आणि गाडीत बसले. पूल थोडा वाकला होता. आता तुमच्यासमोर इतका वेळ बोलल्यावर तो बराच सावरला आहे.